स्वावलंबनाचा बोटभर घटक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गाने आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबई तीन दिवस वेठीला धरली. त्या आघातानंतर ज्या अनेक उणिवा देशासमोर उघड्या पडल्या, त्यांतील एक फारशी चर्चिली गेली नाही. अवकाशातून छायाचित्रे घेणारे उत्तम उपग्रह भारताजवळ होते. परंतु ते सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. रात्र झाली की त्यांची दृष्टी मिटे आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांचा पडदा तिच्या आड येई. अंधारात आणि ढगांपलीकडे पाहणारे रडार वाहून नेणारा रिसॅट-१ हा उपग्रह इस्रोमध्ये आकार घेत होता खरा, पण त्याचे रडार अद्याप सिद्ध व्हायचे होते. निकड तर उंबरठ्याशी येऊन ठेपलेली. अखेर इस्रायलकडून रडार घेतले गेले आणि रिसॅट-२ हा उपग्रह २० एप्रिल २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. क्रमाने दुसरा असलेला उपग्रह पहिल्याच्या आधी गेला, याचे रहस्य एवढेच. रिसॅट-१ आकाशात पोहोचला तो २६ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे आणखी तीन वर्षांनी.

त्या वेळी इस्रायलचे साहाय्य घेतले यात गैर काहीच नव्हते. घर पेटले असता कोणी विहीर खणत बसत नाही; शेजाऱ्याची बादली घेतो. पण आग विझल्यावर विहीर खणली जाते की नाही, हा प्रश्न उरतोच. रिसॅट-१ ही ती विहीर होती. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा त्याच्या सपाट अँटेनात २८८ जोड्या, म्हणजे ५७६ लहान पेट्या बसविलेल्या होत्या. प्रत्येक पेटी स्वतः रेडिओलहरी सोडणारी आणि परतून आलेल्या लहरी स्वतःच ऐकणारी. तंत्रज्ञ तिला ट्रान्समिट-रिसीव्ह मॉड्यूल किंवा थोडक्यात टी-आर मॉड्यूल म्हणतात. मराठीत तिला प्रक्षेपण-ग्रहण घटक म्हणता येईल. लढाऊ विमानांची आणि क्षेपणास्त्रांची नावे आज शाळकरी मुलांनाही पाठ असतात. या पेटीचे नाव कोणाच्या ओठी नसते. आणि तरीही आकाशात, समुद्रात वा सीमेवर कोण कोणाला आधी पाहणार, याचा निर्णय आता बव्हंशी तीच करते.

रडारचे मूळ तत्त्व सोपे आहे. डोंगरासमोर हाक मारावी आणि प्रतिध्वनी येण्यास किती वेळ लागला यावरून डोंगराचे अंतर ओळखावे, तसे रेडिओलहरींच्या बाबतीत करायचे. जुन्या रडारमध्ये एकच शक्तिशाली निर्वात नळी लहरी निर्माण करी आणि परातीच्या आकाराचा मोठा अँटेना त्या एका दिशेला फेकी. दिशा बदलायची तर अख्खी परात फिरवावी लागे. विमानतळाजवळ संथपणे फिरत राहणारी अशी रडारे अनेकांनी पाहिली असतील. पूर्वेकडे पाहताना पश्चिमेकडे पाठ, हे त्यांचे पहिले वैगुण्य. आणि ती एक नळी बिघडली की सारे रडार आंधळे, हे दुसरे.

यावरचा उपाय समजून घेण्यासाठी एखाद्या तळ्याचा घाट डोळ्यांसमोर आणावा. घाटाच्या शेवटच्या पायरीवर दहा मुले ओळीने उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात सारखाच खडा आहे. दहाही खडे एकाच क्षणी पाण्यात पडले, तर दहा वर्तुळाकार लहरी एकमेकींत मिसळून घाटाला समांतर अशी एक सरळ लाट पुढे सरकते. आता डावीकडच्या टोकाच्या मुलाने प्रथम, त्याच्या शेजाऱ्याने किंचित उशिरा, त्यापुढच्याने आणखी थोडा वेळ थांबून, असे क्रमाने खडे टाकले तर तीच लाट तिरपी होऊन उजवीकडे वळते. मुले जागची हललेली नाहीत, घाटही फिरलेला नाही. केवळ वेळेचे अंतर बदलले आणि लाटेने दिशा बदलली.

लहरीच्या आवर्तनातील या मागे-पुढेपणाला शास्त्रीय मराठीत ‘कला’ असा शब्द आहे, चंद्राच्या कलांशी नाते सांगणारा. शेकडो लहान अँटेना एका फळीवर मांडून प्रत्येकाच्या लहरीची कला स्वतंत्रपणे नियंत्रित करायची, हे फेज्ड अ‍ॅरे अँटेनाचे सारे मर्म. लढाऊ विमानातील रडार साधारणपणे दहा गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते. म्हणजे सेकंदाला एक हजार कोटी आवर्तने आणि तरंगलांबी अवघी तीन सेंटीमीटर. शेजारशेजारच्या अँटेनांत तिच्या निम्मे, म्हणजे दीड सेंटीमीटर अंतर ठेवतात. झोत तीस अंशांनी वळवायचा असेल तर प्रत्येक अँटेनाने आपल्या शेजाऱ्यापेक्षा पाव आवर्तन मागे राहायचे. पाव आवर्तन म्हणजे किती काळ? सेकंदाचा चार हजार कोटीवा भाग. एवढा काटेकोरपणा हजारभर अँटेनांनी एकाच वेळी पाळला की झोत सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. एका लक्ष्याचा माग सोडल्याविना दुसऱ्याचा शोध घेतो. परातीला हे कोणत्याही यंत्राने साधणारे नाही.

ही कल्पना नवी नाही. मार्कोनींबरोबर १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ साली तीन अँटेनांच्या साहाय्याने लहरींना दिशा देऊन दाखविली होती. त्याच्याही दहा वर्षे आधी, १८९५ साली, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली. बसूंच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आजच्या अत्याधुनिक मोबाइल तंत्रज्ञानाला ज्या पट्ट्याचे आकर्षण आहे, तोच पट्टा. लहरी ओळखण्यासाठी त्यांनी गॅलेना स्फटिकाचा जो ग्राहक तयार केला, त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले, आणि तो अर्धवाहक पदार्थांवरील पहिल्या पेटंटांपैकी एक मानला जातो. आपल्याकडे बसूंचे नाव अभिमानाने घेतले जाते, ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या स्फटिकापासून आजच्या टी-आर मॉड्यूलपर्यंतची वाट भारताने पुन्हा पहिल्या पायरीपासून चालली, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे लागते. आणि ती वाट अर्ध्याअर्ध्या टप्प्यांनी चालली गेली.

पहिला अर्धा टप्पा केवळ ‘ऐकण्या’चा होता. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याण येथे ३२ लहान परातींची रेडिओ दुर्बीण उभारली आणि त्यानंतर उटीजवळच्या डोंगरउतारावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ५३० मीटर लांबीची महाकाय दुर्बीण १९७० साली उभी राहिली. डोंगराचा उतार आणि त्या स्थळाचा अक्षांश यांचा असा मेळ घातला गेला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. पूर्व-पश्चिम दिशेला ही दुर्बीण यंत्राने फिरते; परंतु उत्तर-दक्षिण दिशेला तिचे काहीच हलत नाही. तिच्या नाभीरेषेवर असलेल्या १०५६ अँटेनांची कला बदलून ती आकाशात वर-खाली पाहते. परदेशी बनावटीची तयार दुर्बीण विकत आणणे त्या काळी परवडणारे नव्हते; म्हणून भारतीय अभियंत्यांनी ती स्वतः रचली. लहरींची बेरीज करताना कला चुकली तर काय होते, याचे शिक्षण एका पिढीला तेथे मिळाले.

दुसरा टप्पा संरक्षणाचा. १९८३ साली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यात आकाश या विमानवेधी क्षेपणास्त्रासाठी राजेंद्र हे रडार हवे होते. त्याच्या अँटेनात सुमारे चार हजार कला-नियंत्रक, म्हणजे फेज शिफ्टर लागणार होते. ते विकत देण्यास प्रगत राष्ट्रे तयार नव्हती. १९८७ नंतर तर क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावरील निर्बंधांची भिंतच उभी राहिली. तेव्हा दिल्लीच्या आयआयटीत प्रा. भारती भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी आणि साहिबाबादची सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड यांच्या साहाय्याने फेराइटचे फेज शिफ्टर विकसित केले. डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात या कामगिरीची आवर्जून नोंद केली आहे. एका विद्यापीठीय प्रयोगशाळेतील प्राध्यापिका आणि एक सरकारी कारखाना यांनी मिळून एक बंद दार उघडले, ही गोष्ट जितक्या वेळा सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेली नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आकाश प्रणालीने बजावलेल्या कामगिरीचे कौतुक देशभर झाले. त्या कौतुकाचे काही श्रेय चार दशकांपूर्वीच्या त्या फेराइटच्या तुकड्यांकडेही जाते.

तथापि राजेंद्र हे ‘परावलंबी’ जातीचे फेज्ड अ‍ॅरे आहे. त्यातील चार हजार घटक लहरींना दिशा देतात, पण बळ देत नाहीत. बळ येते मागच्या बाजूच्या एकाच निर्वात नळीतून. लहर वाटेत क्षीण होते आणि ती नळी थांबली की सारे थांबते. जुन्या रडारचे दुसरे वैगुण्य तसेच राहते. प्रत्येक अँटेनामागे त्याचा स्वतःचा प्रक्षेपक आणि स्वतःचा ग्राहक बसवायचा, हाच खरा पूर्णविराम. अमेरिकेने १९८० साली केप कॉड येथे उभारलेल्या क्षेपणास्त्र-सूचक रडारच्या प्रत्येक भिंतीवर असे १७९२ घटक होते. लढाऊ विमानाच्या नाकात मावेल असे रडार जपानने २००० साली आपल्या एफ-२ विमानावर सेवेत आणले.

त्या पेटीत असते तरी काय? मध्यवर्ती यंत्रणेकडून एक क्षीण पण अत्यंत शुद्ध लहर सर्व पेट्यांना वाटली जाते. पेटीत शिरल्यावर ती प्रथम फेज शिफ्टरमधून जाते. सहा बिटांचा शिफ्टर असेल तर एका आवर्तनाचे ६४ भाग पडतात, म्हणजे ५.६ अंशांच्या पायऱ्यांनी कला पुढे-मागे करता येते. त्यानंतर क्षीणक, प्रत्येक घटकाचा आवाज किती ठेवायचा ते तो ठरवतो. फळीच्या कडेच्या घटकांनी थोडे हळू बोलावे आणि मधल्यांनी मोठ्याने, असे केले की मुख्य झोताच्या आजूबाजूला सांडणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण घटते आणि भलत्या दिशेने येणारा शत्रूचा गोंगाट कानांवर कमी पडतो. मग शक्तिवर्धक त्या लहरीला काही वॉटपर्यंत, वा अधिक बळ देतो. शेवटी सर्क्युलेटर नावाचा फेराइटचा तीन वाटांचा चौक लागतो. गावातल्या चौकात वाहने एकाच दिशेने वळसा घेतात, तशी या चौकात लहर एकाच दिशेने वळते. शक्तिवर्धकाकडून आलेली लहर अँटेनाकडे जाते, आणि अँटेनाकडून आलेली लहर शक्तिवर्धकाकडे न जाता ग्राहकाकडे वळते.

परतीच्या लहरीची कहाणी अधिक नाजूक आहे. रडारचा एक निष्ठुर नियम असा की अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळा पटींनी घटते. कारण जातानाही ती पसरते आणि येतानाही. दहा वॉट सोडणाऱ्या पेटीला दूरच्या विमानाकडून परत मिळते ते एका वॉटच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. क्षणापूर्वी गर्जना करणाऱ्याच कंठाशेजारी हा असा सूक्ष्म कान आहे. त्याला स्वतःच्याच गर्जनेने इजा होऊ नये म्हणून सर्क्युलेटरच्या पुढे एक लिमिटर ठेवतात. जादा शक्ती आली की तो ती जमिनीत वळवितो. त्यापुढे असतो अल्पनॉइज वर्धक. येथेच या पेटीचे खरे शहाणपण आहे. साखळीतील पहिला वर्धक जेवढा गोंगाट मिसळेल तेवढा पुढे कशानेही काढता येत नाही. जुन्या रडारमध्ये क्षीण प्रतिध्वनी लांबलचक नळ्यांतून प्रवास करून मग वर्धकाकडे पोहोचत असे आणि वाटेतच निम्मा मरत असे. येथे वर्धक अँटेनाच्या पाठीला चिकटून आहे. म्हणजे अधिक जोराने ओरडण्याइतकेच महत्त्व अधिक जवळून ऐकण्याला आले.

एवढे सारे दीड सेंटीमीटर रुंदीत बसवायचे, कारण शेजारी दुसरी पेटी उभी आहे. आणि मग उष्णतेचा प्रश्न उभा राहतो. दहा वॉटची लहर बाहेर पडण्यासाठी साधारण तीस वॉट वीज आत द्यावी लागते; उरलेले वीस वॉट त्या बोटभर पेटीत उष्णता होऊन राहतात. अशा हजार पेट्या मांडीला मांडी लावून बसल्या म्हणजे प्रक्षेपणाच्या क्षणी वीस किलोवॉटची भट्टी झाली. ती निववण्यासाठी पेट्यांच्या मागे द्रव खेळविणारे सूक्ष्म पाट असतात. रडारचे सामर्थ्य वाढवायचे की नाही, हा प्रश्न अनेकदा लहरींचा नसून पाण्याचा असतो, असे अभियंते म्हणतात ते उगाच नव्हे.

येथून पदार्थविज्ञान सुरू होते. सिलिकॉन या उच्च वारंवारतेवर थकते. म्हणून पहिल्या पिढीच्या पेट्या गॅलियम आर्सेनाइडच्या चकत्यांवर घडल्या. आता त्यांची जागा गॅलियम नायट्राइड घेत आहे. ते अनेक पट अधिक विद्युतदाब सहन करते, त्यामुळे तेवढ्याच जागेतून कित्येक पट शक्ती देते. शिवाय ते सिलिकॉन कार्बाइडच्या चकतीवर वाढविले जाते आणि सिलिकॉन कार्बाइड उष्णता जवळजवळ तांब्याइतक्या तत्परतेने वाहून नेते. जो देश ही चकती स्वतः घडवू शकतो त्याचे रडार दूरचे पाहते. जो ती विकत आणतो, त्याची दृष्टी विकणाऱ्याच्या मर्जीइतकीच लांब.

या रचनेचा आणखी एक गुण सेनाधिकाऱ्यांना विशेष प्रिय आहे. हजारांपैकी शंभर पेट्या निकामी झाल्या तरी रडार बंद पडत नाही. गणित केले तर दहा टक्के पेट्या गेल्यावर पल्ला आठ टक्क्यांहूनही कमी घटतो. सारे ओझे एका खांबावर न टाकता हजार लहान खांबांवर वाटले की असे होते. अर्थात याची किंमतही आहे. हजार पेट्या कधीही तंतोतंत सारख्या बनत नाहीत. प्रत्येकीची कला आणि प्रत्येकीचे बळ किंचित वेगळे, त्यात तापमानानुसार बदलणारे. म्हणून प्रत्येक अँटेना बंद कक्षात मोजून प्रत्येक पेटीच्या चुकीची नोंद ठेवावी लागते आणि वापरताना ती चूक वजा करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला प्रसिद्धी नाही. पण ज्या संस्थेला ते येत नाही तिच्या हाती जगातील सर्वोत्तम पेट्या दिल्या तरी रडार होत नाही. विकत आणलेल्या यंत्राबरोबर नोंदवही येते. नोंद करण्याची विद्या येत नाही.

ही विद्या केवळ युद्धासाठी नाही, हे पाहायचे असेल तर तिरुपतीजवळच्या गादंकीला जावे. राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन प्रयोगशाळेच्या आवारात तेथे सुमारे १३० मीटर लांब-रुंद मैदानात ३२ ओळी आणि ३२ रांगांत १०२४ अँटेना उभे आहेत. ५३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे साडेपाच मीटरहून लांब लहरी ते आकाशात सोडतात आणि हवेतील सूक्ष्म खळबळीवरून परतलेला प्रतिध्वनी ऐकून कित्येक किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा वेग सांगतात. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हे रडार उभारण्यात मुंबईच्या पवईतील ‘समीर’ या सूक्ष्मलहरी संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. तेव्हा ३२ मोठे प्रक्षेपक सर्व अँटेनांना शक्ती पुरवीत. पुढे ही व्यवस्था बदलून प्रत्येक अँटेनाला त्याचे स्वतःचे सुमारे एक किलोवॉटचे टी-आर मॉड्यूल देण्यात आले. विमानाच्या नाकातील बोटभर पेटी येथे ऐसपैस झाली, कारण शेजारी चार मीटरवर आहे; पण आतला प्रवास तोच. नैनितालच्या आर्यभट्ट संस्थेत ५८८ आणि कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात ६१९ अँटेनांची अशीच रडारे आहेत. कोचीचे रडार तर केरळच्या किनाऱ्यावर मोसमी वारे जेथे पाऊल ठेवतात त्या उंबरठ्यावरच बसविले आहे. ज्या देशाच्या पेरण्या पावसावर ठरतात त्याला या पेटीचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी. रिसॅट-१ चा वारसा चालविणारा ईओएस-०४ हा उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ रोजी गेला, तोही भातशेतीपासून पुराच्या पाण्यापर्यंत सारे ढगांतून पाहतो.

संरक्षणाच्या क्षेत्रातही प्रगती झाली आहे. २०१७ साली वायुदलाला मिळालेल्या नेत्र या टेहळणी विमानाच्या पाठीवर स्वदेशी सक्रिय रडार आहे. बंगळुरूच्या एलआरडीई या प्रयोगशाळेने तेजससाठी उत्तम हे रडार विकसित केले. त्याच्या तेजससाठीच्या रूपात नऊशेहून अधिक टी-आर घटक आहेत, आणि ते चार-चारच्या गटांत एकत्र बांधलेले आहेत. तरीही तेजस मार्क-१ए च्या पहिल्या विमानांसाठी इस्रायली रडारच निवडावे लागले. १९८३ साली ज्या विमानाचा संकल्प सोडला गेला त्याच्या नाकात चार दशकांनंतरही स्वतःचे डोळे वेळेवर बसू नयेत, याचा दोष एका प्रयोगशाळेवर टाकून सुटका होणारी नाही. प्रयोगशाळेत दहा पेट्या बनविणे वेगळे आणि एकसारख्या दहा हजार पेट्या ठरलेल्या महिन्यात कारखान्यातून बाहेर काढणे वेगळे. पहिल्याला बुद्धी लागते. दुसऱ्याला स्थिर मागणी, धीराचा पैसा आणि कारागिरांची पिढी लागते. विमाने चाळीसच्या तुकड्यांनी, मध्ये दहा वर्षांचे अंतर ठेवून मागविली जातात, तेव्हा पेट्या बनविणाऱ्या उद्योजकाने यंत्रे आणि माणसे कोणाच्या भरवशावर राखायची?

आणि पेटी स्वदेशी म्हणजे काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. डबा येथे घडविला, मंडल येथे छापले, जोडणी येथे केली, पण आतली चकती परदेशी असेल तर परावलंबन संपले नाही. ते फक्त दृष्टीआड गेले. सुदैवाने या बाबतीत मूठभर माणसांनी फार पूर्वी विचार केला होता. हैदराबादचे गेटेक हे केंद्र नव्वदच्या दशकापासून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप बनवीत आले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डीआरडीओने जाहीर केले की सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने चार इंची सिलिकॉन कार्बाइड चकत्या वाढविण्याची आणि त्यांवर गॅलियम नायट्राइडचे १५० वॉटपर्यंतचे ट्रान्झिस्टर व ४० वॉटपर्यंतच्या सूक्ष्मलहरी चिप घडविण्याची प्रक्रिया सिद्ध केली आहे, आणि गेटेकमध्ये मर्यादित उत्पादनाची सोयही झाली आहे. फेराइटचे फेज शिफ्टर घडविण्यात सहभागी असलेलीच ही प्रयोगशाळा. सेमीकंडक्टर मिशनसाठी ७६ हजार कोटी रुपयांची तरतूद डिसेंबर २०२१ मध्ये झाली, तिची चर्चा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झाली. चार इंची चकतीची बातमी आतल्या पानावरही शोधावी लागली. ‘मर्यादित’ हा शब्द या बातमीतून कधी गळतो, इकडे लक्ष ठेवण्याची गरज आहे.

चकतीच्याही खाली आणखी एक थर आहे, तो म्हणजे गॅलियम. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८७१ साली या धातूचे भाकीत केले, तेव्हा त्याला नाव दिले ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’. त्यातले ‘एका’ म्हणजे संस्कृतमधला ‘एक’. चार वर्षांनी फ्रान्समध्ये हा धातू सापडला. तळहातावर ठेवला तर वितळतो, कारण त्याचा वितळणबिंदू तीस अंशांच्याही किंचित खाली आहे. नाव संस्कृतातून गेले याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण आज जगातील प्राथमिक गॅलियमचे जवळजवळ सारे उत्पादन एकट्या चीनच्या हाती आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले; डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थेट थांबविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी तात्पुरती स्थगित झाली, परवान्याचे बंधन मात्र कायम राहिले. ज्या शेजाऱ्याच्या विमानांवर नजर ठेवण्यासाठी रडार हवे, त्याच्याच दारातून त्या रडारचा कच्चा माल यावा, यासारखी विसंगती दुसरी कोणती असेल?

वास्तविक गॅलियमची स्वतंत्र खाण कोठेच नसते. ते बॉक्साइटमध्ये असते, टनामागे साधारण पन्नास ग्रॅम. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना वापरल्या जाणाऱ्या कॉस्टिक द्रावणात ते उतरते आणि तेथून वेगळे करता येते. बॉक्साइटला भारतात तोटा नाही. ओडिशाचे डोंगर त्याने भरले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचा तांबडा दगड वर्षानुवर्षे मालमोटारींनी घाट ओलांडून बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात गेला आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ज्या ३० खनिजांना निर्णायक महत्त्वाची ठरविले त्यांत गॅलियम आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय अभियानालाही मंजुरी मिळाली. उत्तर प्रदेशात रेणुकूट आणि ओडिशात दामनजोडी येथील अ‍ॅल्युमिना कारखान्यांत गॅलियम पूर्वी प्रत्यक्ष काढलेही जात होते.